शेवटची चाल सगळ्यांनी पाहिली

२८ जुलै २०२५ च्या संध्याकाळी जॉर्जियातल्या बाटुमी शहरी आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि तासाभरात एक लहानशी चित्रफीत गावातल्या बहुतेक मोबाइलवर येऊन पोहोचली. एकोणीस वर्षांची मुलगी पटावरून उठते, डोळे भरून येतात आणि ती आईला घट्ट मिठी मारते. धरमपेठ असो की महाल, ती चित्रफीत ज्या घरात पाहिली गेली नाही असे घर शोधावे लागेल. पाहणाऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी आले. यावेच असा तो क्षण होता.

मात्र डाव कसा झाला, असे या पाहणाऱ्यांना विचारून बघा. अंतिम सामन्याचे पहिले दोन डाव बरोबरीत सुटले होते, टायब्रेकचा पहिला जलद डावही बरोबरीत गेला आणि दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना दिव्याने हम्पीवर मात केली, इथपर्यंत वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगता येईल. पुढचे थोड्यांनाच ठाऊक असते. तो निर्णायक डाव लांबला, मोहरी कमी कमी होत गेली, घड्याळातला वेळ संपत आला आणि त्या ओढाताणीत दोघींच्याही हातून चुका झाल्या. जिंकल्यावर मुलाखतीत दिव्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितले, की आपल्याला डावाच्या अखेरीचा अभ्यास करायला हवा. विश्वचषक हातात असलेली मुलगी हे सांगते आहे! तिचे अश्रू लाखोंनी पाहिले. तिचे हे वाक्य किती जणांनी ऐकले असेल?

आज लिहायचे आहे ते बुद्धिबळाचे व्हिडिओ करणाऱ्या मंडळींविषयी, कारण आपली मुले आता हा खेळ वर्गातल्या मास्तरांकडून शिकतात त्यापेक्षा किती तरी जास्त यांच्याकडून शिकतात. नागपुराला तर या विषयात विशेष रस असायला हवा. रौनक साधवानी २०१९ साली तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, २०२१ मध्ये संकल्प गुप्ता झाला आणि २०२५ च्या विश्वचषकाबरोबर दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. संत्र्यांच्या गावाला आता पटाचे गाव म्हटले तरी चालेल. घरोघरी पट आलेच आहेत. पटाशेजारी मोबाइलही आला आहे.

आमच्या पिढीला बुद्धिबळ बघायला मिळत नसे, ते वाचावे लागे. १९७२ साली रेक्याविकला फिशर आणि स्पास्की यांची लढत झाली तेव्हा वर्तमानपत्रात छापून आलेल्या चाली घरच्या पटावर एकेक करून मांडणारी माणसे या महाराष्ट्रात होती. घोडा कुठे गेला हे कळायला बोटाने घरे मोजावी लागत. एखादी चाल छपाईत चुकली की पुढचा सगळा डाव अगम्य होऊन बसे आणि दुसऱ्या दिवसाच्या अंकाची वाट पाहावी लागे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. पन्नासातल्या एकोणपन्नास लोकांना त्या खेळाची गोडी कधी लागलीच नाही, हेही तितकेच खरे. ती गोडी या व्हिडिओवाल्यांनी लावली आणि तिचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

ही भरती आली ती २०२० च्या टाळेबंदीत. माणसे घरात अडकलेली, क्रिकेट बंद. समय रैना हा विनोदी कलाकार ऑनलाइन पट मांडून बसला आणि आपले कच्चे बुद्धिबळ लपवण्याऐवजी त्याचीच थट्टा करू लागला. नाशिकचा विदित गुजराथी त्याच्याबरोबर येऊन बसे. एवढा मोठा ग्रँडमास्टर, पण हसण्यात मागे नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली आणि ज्यांना घोडा अडीच घरे चालतो याहून अधिक काही माहीत नव्हते त्यांनीही दुकानातून पट आणले. बुद्धिबळ म्हणजे म्हाताऱ्यांचा आणि हुशारांचा खेळ, ही समजूत त्या एका वर्षात जितकी खिळखिळी झाली तितकी त्याआधीच्या पन्नास वर्षांत झाली नसेल.

या मंडळींत नाना परी आहेत. क्रोएशियाचा अँटोनियो रादिच, ‘अगॅडमेटर’ या नावाने ओळखला जाणारा, पूर्वी घरच्या धंद्यात लग्नाचे व्हिडिओ काढत असे. त्याला बुद्धिबळातला मोठा किताब नाही. पण जुने डाव तो असे सांगतो, की आजोबांनी गोष्ट सांगावी. त्याच्या व्हिडिओत एक जागा हमखास येते. पटावर काहीतरी विलक्षण घडणार असते, तेव्हा तो सांगतो, की वाटल्यास इथे व्हिडिओ थांबवा आणि चाल स्वतः शोधा. या एका सवयीसाठी मी त्याला पुष्कळ गुण देईन. जाता जाता त्याची एक मजेदार हकिकत सांगितली पाहिजे. २०२० च्या जूनमध्ये यूट्यूबने त्याचा एक कार्यक्रम आक्षेपार्ह मजकूर म्हणून बंद केला. दिवसाभरात तो पुन्हा सुरू झाला, कारण काही दिले नाही. ‘पांढरा काळ्यावर हल्ला करतो’ अशी पटावरची भाषा ऐकून यंत्राला वर्णद्वेषाचा वास आला असावा, असा अनेकांचा तर्क होता. पुढे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बुद्धिबळाच्या व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया अशा यंत्रांना तपासायला दिल्या, तेव्हा ती खरोखरच घोटाळ्यात पडताना दिसली.

न्यूयॉर्कचा लेव्ही रोझमन हा दुसऱ्या टोकाचा. तो आंतरराष्ट्रीय मास्टर आहे आणि वक्ता तर फर्डा आहे. सामान्य प्रेक्षकांनी पाठवलेले गचाळ डाव घेऊन खेळणाऱ्याचा दर्जा काय असेल हे ओळखायचा त्याचा खेळ पाहताना हसून पुरेवाट होते. पण व्हिडिओच्या मुखपृष्ठावर त्याचा वासलेला आ आणि किंचाळणारी अक्षरे दहा वेळा पाहिली, की अकराव्या वेळी जगबुडीची बातमी असली तरी विश्वास बसणार नाही. रोज एक ‘शतकातला डाव’ कुठून आणायचा? अमेरिकेचाच हिकारू नाकामुरा हा जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक. तो स्वतःच्या स्पर्धेतला डाव संपवून खोलीवर जातो आणि त्याच डावाचा व्हिडिओ करतो. हरला असला तरी. सचिनने शून्यावर बाद होऊन आल्यावर त्याच रात्री आपल्याला तो चेंडू समजावून सांगावा, तशातला हा प्रकार आहे. पूर्वी असे भाग्य कोणाला मिळाले होते? मात्र नाकामुरा बोलतो तुफान वेगाने. नवशिक्याच्या पदरात त्यातले फारसे पडत नाही.

आणि एरिक रोझन. हा हळू आवाजात, शांतपणे बोलणारा अमेरिकन. आपला वजीर मुद्दाम सोडून ‘अरेरे, माझा वजीर गेला’ असे तो पुटपुटतो आणि पुढच्या दोनतीन चालींत समोरच्यावर मात होते. स्टॅफर्ड गॅम्बिट नावाची एक लबाड सुरुवात याने लोकप्रिय केली. शास्त्राच्या कसोटीला ती उतरत नाही, हे तो स्वतः सांगतो. ऐकणारी मुले मात्र तेवढे वाक्य सोडून बाकीचे सगळे पाठ करतात.

इथे खरी अडचण सुरू होते. आमच्या कॉलनीतल्या सातवीतल्या एका मुलाचा आणि त्याच्या आजोबांचा संवाद मी ऐकला तो असा.

‘‘आबा, तुम्हाला इंग्लंड गॅम्बिट येते का? आठव्या चालीला मात होते!’’

‘‘नाही बाप्पा. आणि समोरच्याला ते माहीत असले तर?’’

‘‘तर मग... दुसरा ट्रॅप असते ना.’’

‘‘बरं, माझ्याकडे एक हत्ती आणि तुझ्याकडे हत्ती अन् एक प्यादे. जिंकून दाखव.’’

‘‘ते बोर असते, आबा.’’

ते बोर असते! या तीन शब्दांत आजच्या व्हिडिओविश्वाची सगळी अर्थव्यवस्था आली. सापळ्याचा व्हिडिओ अर्ध्या मिनिटात होतो, त्याला सुरुवात, मध्य आणि टाळी असते. हत्ती-प्याद्याची अखेर समजावून द्यायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात कोणी किंचाळत नाही. अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाने बचावाची एक रीत ओळखली जाते. आपल्याकडे नुसता हत्ती असेल आणि राजा प्याद्याच्या वाटेत उभा असेल, तर हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर धरून ठेवायचा आणि समोरच्या राजाला ती ओळ ओलांडू द्यायची नाही. नाइलाजाने त्याचे प्यादे त्या ओळीवर आले, की हत्ती थेट दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. समोरच्या राजाला आडोसा उरत नाही, डाव बरोबरीत सुटतो. एवढीच गोष्ट. पण ही ठाऊक असणारा मुलगा अर्धा गुण वाचवतो आणि न ठाऊक असणारा तीन तास चांगला खेळूनही रिकाम्या हाताने परततो. सापळा शिकलेला मुलगा स्पर्धेच्या पहिल्या फेरीत जिंकतो. तिसऱ्या फेरीत त्याला सापळे माहीत असणारा भेटतो आणि तिथून पुढे खेळ खेळावा लागतो.

मोठ्यांच्या पटावरही निकाल याच भागात लागतात. त्याच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत दिव्याने माजी जगज्जेती तान झोंगयी हिला हरवले तो डाव १०१ चाली चालला होता. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांचा चौदावा डाव आठवा. पटावर दोघांचाही एकेक हत्ती, एकेक उंट आणि मूठभर प्यादी उरलेली. गुकेशचे एक प्यादे जास्त, तरी बरोबरी होणार आणि उद्या टायब्रेक खेळावा लागणार असेच बहुतेक जाणकार धरून चालले होते. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती दुसऱ्या ओळीवर आणून हत्तींची अदलाबदल होऊ दिली. मग गुकेशला उंटही मारामारीत घालता आला, उरले राजे आणि प्यादी, आणि तिथे ते एक जादा प्यादे पुरेसे होते. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. कंटाळवाण्या म्हटल्या गेलेल्या पटावर तो तासन्‌तास चिवटपणे बसून राहिला, याचे ते फळ होते.

त्या डावाचे व्हिडिओ पाहा. बहुतेकांत डिंगची चाल पडल्यावर व्हिडिओवाला खुर्चीतून उडतो. का उडतो? पटाशेजारी काळीपांढरी पट्टी असते, ती खाली कोसळते म्हणून. संगणक क्षणोक्षणी कोण किती पुढे आहे ते या पट्टीत दाखवत असतो. या पट्टीवर माझा सगळ्यात मोठा राग आहे. तिने प्रेक्षकाला फुकटचे शहाणपण दिले. ज्याला प्यादे तिरके मारते हे जेमतेम माहीत आहे तोही सोफ्यावर बसून जगज्जेत्याला म्हणतो, ‘‘एवढेही दिसले नाही?’’ अरे, तुला तरी कुठे दिसले? तुला पट्टी दिसली! चूक का झाली, ती टाळायला काय दिसायला हवे होते, चार तास डोके चालवल्यावर माणसाला ते का दिसत नाही, हे प्रश्न पट्टी कोसळली की संपतात. पट्टी झाकून जो शिकवतो तो शिक्षक, आणि पट्टीकडे बोट दाखवून जो ओरडतो तो निवेदक, अशी माझी साधी फोड आहे. निवेदकही हवेतच. त्यांना गुरुजी म्हणू नये, इतकेच.

हा प्रश्न एकट्या बुद्धिबळाचा म्हणता येत नाही. असाच संथ खेळ गोल्फ. आपल्यापैकी कितीकांनी गोल्फची काठी हातात धरली असेल? तरीही गोल्फचे व्हिडिओ पाहणारी नागपुरी माणसे मला भेटली आहेत. इंग्लंडचा रिक शील्स हा मुळात गोल्फचा शिक्षक, तो कॅमेऱ्यासमोर शिकवू लागला आणि जगभर पोहोचला. २०२० आणि २०२४ अशी दोनदा यूएस ओपन जिंकणारा ब्रायसन डिशँबो स्वतःचा चॅनल चालवतो आणि पाहुण्याला जोडीला घेऊन पन्नासच्या आत फेरी संपवायची पैज लावतो. २०२४ च्या उन्हाळ्यात डोनाल्ड ट्रम्पही त्याच्याबरोबर खेळून गेले. गोल्फमध्ये चार तास चालणे आणि एकेका फटक्याला दोन सेकंद. व्हिडिओत चालणे कापले जाते, फटके राहतात. पाहायला ते झकास असते. पण हिरवळीवर शेवटचा हळुवार टोला मारताना मनगट का थरथरते, ते त्या कापलेल्या चालण्यात असते. पटावरही नेमके तेच कापले जाते.

कॅमेरा काय कापतो हे जसे पाहायला हवे तसे तो काय दाखवतो हेही. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या विक आन झी इथे टाटा स्टील स्पर्धेच्या चॅलेंजर्स गटात दिव्या खेळली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. स्पर्धा संपल्यावर तिने इन्स्टाग्रामवर लिहिले, की आपले डाव बरे झाले असे आपल्याला वाटत होते, पण प्रेक्षकांना त्यात रस नव्हता. त्यांचे लक्ष होते कपड्यांकडे, केसांकडे, बोलण्याच्या ढबीकडे. पुरुष खेळाडूंच्या मुलाखतीत खेळाची चर्चा होते, मुलींच्या बाबतीत बाकी सगळ्याची, असे तिचे म्हणणे होते. आपल्या गावच्या मुलीला हे लिहावे लागले. आणि हे करणारे प्रेक्षक म्हणजे कोणी परग्रहावरचे लोक होते का? व्हिडिओखाली आपल्यासारख्यांनीच ते लिहिले होते. डावाचा एक शब्द न कळणारा माणूस काही तरी बोलल्यावाचून राहू शकत नाही, मग तो केसांवर बोलतो. व्हिडिओवाल्याने जर डाव समजावून दिला असता, तर निदान काही जणांना बोलायला दुसरा विषय मिळाला असता.

याबाबतीत मुंबईच्या सागर शाहचे नाव घ्यायला हवे. हा सनदी लेखापाल आणि आंतरराष्ट्रीय मास्टर. अमृता मोकळ आणि त्याने मिळून चेसबेस इंडिया उभे केले. मोठी स्पर्धा असो की वयोगटाची, हा कॅमेरा घेऊन हजर. गुकेश लहान असताना सर्वांत तरुण जगज्जेता व्हायचे आहे असे तो ज्या चित्रफितीत सांगतो, ती याच मंडळींची. कोणी ओळखत नसलेल्या मुलासमोर जाऊन त्याचा डाव विचारण्याची ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. सागरचा उत्साह कधी कधी उतू जातो, विजयी खेळाडूला श्वास घ्यायलाही उसंत मिळत नाही. तरी पटावरून उठलेल्या खेळाडूला तो आधी चालींबद्दल विचारतो. हे आज दुर्मीळ आहे.

पण एकाच शिक्षकाचे नाव घे असे कोणी म्हटले, तर मी डॅनियल नारोदित्स्कीचे घेईन. हा अमेरिकन ग्रँडमास्टर ऐन किशोरवयात पुस्तके लिहू लागला आणि त्याच्या एका पुस्तकाचा विषयच अवघड अंत्यखेळ हा होता. व्हिडिओत तो अगदी खालच्या पायरीच्या खेळाडूंपासून सुरुवात करी, एकेक पायरी चढत जाई आणि प्रत्येक चालीआधी मनात काय चालले आहे ते मोठ्याने सांगे. पट्टी नाही, किंकाळी नाही. ‘इथे मला शंका आहे’ असे म्हणायला त्याला संकोच वाटत नसे. समोरचा नवशिका चुकला तर तो हसत नसे, ती चूक माणूस का करतो ते सांगे. डाव जिंकल्यातच जमा झाला की इतर जण व्हिडिओ आवरता घेतात, हा तिथून पुढे शिकवायला लागे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्यावर माजी जगज्जेते व्लादिमिर क्रामनिक यांनी ऑनलाइन खेळात गैरप्रकार केल्याचा संशय जाहीरपणे घेतला होता, त्याने तो साफ नाकारला होता आणि त्याचा त्याला झालेला त्रास त्याच्या शेवटच्या महिन्यांत प्रेक्षकांना दिसत होता. खेळाडूला खेळापेक्षा मोठे करून पडद्यावर ठेवणाऱ्या या जगात दुखापतही पडद्यावरच होते, चारचौघांसमोर. त्याचे व्हिडिओ आजही पाहता येतात.

आता घरचे. ओळखीतले आईबाप विचारतात, मुलाला हे व्हिडिओ पाहू द्यावेत का? मी म्हणतो, जरूर द्या, पण पट मांडून. पडद्यावर चाल पडली की पटावर करायला लावा. व्हिडिओ थांबवायला सांगा आणि पुढची चाल विचारा, तुम्हाला खेळ येत नसला तरी विचारता येते. जो व्हिडिओ थांबवून पाहता येत नाही, थांबवला की त्यात काहीच उरत नाही, तो करमणुकीचा समजा. करमणुकीलाही घरात जागा आहे, रविवारी दुपारी आपणही काही फार गहन पाहत नसतो. त्या तासाला फक्त अभ्यासाचा तास म्हणून वहीत लिहू नका.

मराठीत मात्र मोठी पोकळी आहे. इंग्रजी आणि हिंदीत ढीग पडले आहेत. हत्तीची अखेर, राजा आणि प्याद्याची अखेर निवांतपणे मराठीत समजावून देणारे काही शोधायला गेलो, तर माझ्या हाती फारसे लागले नाही. तीन ग्रँडमास्टर ज्या गावाने दिले त्या गावात मुलांना वर्षानुवर्षे अंत्यखेळ शिकवणारी माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणी मोबाइल एका तिपाईवर ठेवावा, पट समोर घ्यावा आणि ‘हे बघ बाप्पा, इथे घाई करू नको’ असे म्हणून सुरुवात करावी. दिवा चांगला हवा, आवाज स्वच्छ हवा, बाकी काही नको. मुखपृष्ठावर आ वासलेला नसला तरी चालेल. आमच्या कॉलनीतला तो सातवीतला मुलगा पहिल्या दिवशी बघणार नाही, हे मीच सांगून ठेवतो. त्याचे आजोबा बघतील.